रविवारी सातला हजेरी

माझा पहिला ऑनलाइन कोर्स 42 मार्कांवर बुडाला. पास व्हायला 40 लागतात एवढंच मी वाचलं होतं, त्यामुळं निकाल लागल्यावर दोन दिवस सर्टिफिकेटची वाट बघत बसलो. मग नियमांचं पान उघडलं. ते पहिल्याच दिवशी उघडायला हवं होतं.

कोर्स एनपीटीईएलचा होता. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीनं मिळून 2003 साली सुरू केलेला हा उपक्रम. आता त्याचे कोर्स केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर असतात. शिकायला पैसे पडत नाहीत. परीक्षा द्यायची असेल तरच फी, माझ्या वेळी ती एका कोर्सला 1000 रुपये होती. गुणांचा हिशोब असा: दर आठवड्याच्या असाइनमेंटचे 25 आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे 75. पण 25 पैकी किमान 10 आणि 75 पैकी किमान 30, हे दोन्ही वेगवेगळे पडावे लागतात. मला असाइनमेंटचे 15 होते, परीक्षेत 27. बेरीज 42, सर्टिफिकेट नाही. स्वयमवर इतर संस्थांचेही कोर्स असतात आणि त्यांची विभागणी वेगळी असू शकते, म्हणून माझे आकडे पाठ करू नका, तुमच्या कोर्सचं पान वाचा.

मी तेव्हा डिप्लोमाला होतो आणि कोर्स विणकामाच्या तंत्राचा, 12 आठवड्यांचा. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. वडील यंत्रमागावर कामाला, आई विड्या वळते. माग हा विषय मला कोण नव्यानं शिकवणार, अशी जराशी मस्ती डोक्यात होती. शिवाय 12 पैकी चांगल्यात चांगल्या 8 असाइनमेंट धरतात असं कळलं होतं, म्हणजे चार बुडवल्या तरी चालतात. ही सवलत म्हणजे सापळाच आहे. दुसरा, तिसरा, चौथा आठवडा मी उगाचच घालवला, काही कारण नव्हतं. मग आले गणपती. सोलापुरात लेझीमच्या मंडळात असणाऱ्याला ते दिवस काय असतात हे सांगायला नको. रात्री उशिरापर्यंत सराव, सकाळी पाय उचलत नाहीत. आणखी दोन आठवडे गेले. चारची सवलत होती, पाच बुडाल्या, आठवीच्या जागी शून्य.

जुलैत सुरू होणारं सत्र घेणार असाल तर कॅलेंडर समोर ठेवा. गणपती, नवरात्र सगळं त्यातच येतं. बुडवायचे आठवडे तिथं खर्च करा, सुरुवातीला नाही.

पण नुसता आळस म्हणून सोडून देण्यासारखं ते नव्हतं. कॉलेजला दांडी मारली तर कुणीतरी विचारतं. सर विचारतात, मित्र विचारतो, कँटीनवालासुद्धा विचारतो. इथं मी तीन आठवडे गायब होतो आणि कुणाला पत्ता नव्हता. आठवणीचे मेल येत होते, पण मेलला कोण घाबरतं?

दुसऱ्यांदा तोच कोर्स घेतला तेव्हा आईनं एक वाक्य ऐकवलं. मी मंगळवारी रात्री अकराला असाइनमेंट उघडून बसलो होतो. आई सूप मांडीवर घेऊन उरलेल्या विड्या पुऱ्या करत होती, सकाळी कारखान्यात द्यायच्या होत्या. म्हणाली, “आठवड्याच्या विड्या मी एका रात्रीत वळीन म्हटलं तर हात राहतील का?” मी काही बोललो नाही. तेवढ्यात वडिलांनी विचारलं, “शिकवतात तरी काय त्यात?” मी सांगायला लागलो आणि दोन मिनिटांत अडकलो. व्हिडिओ बघताना सगळं कळलेलं असतं. सांगायला गेलं की कळतं, काय कळलेलं नाही ते.

तिथून रविवारी संध्याकाळी सात ही वेळ ठरली. वडील चहा घेऊन बसायचे आणि मी त्या आठवड्याचा धडा त्यांना सांगायचो. लेक्चर इंग्रजीत, माझ्या नोट्स मराठीत आणि वडिलांना सांगायचं तेलुगूत. आमच्या भागात अनेक घरांत हे असंच असतं. पूर्वी मी याला अडचण समजायचो. प्रत्यक्षात फायदाच झाला, कारण तीन भाषांतून जाताना पाठांतर टिकत नाही. ‘शेडिंग, पिकिंग, बीट-अप’ असं इंग्रजीत घोकता येतं. वडिलांपुढं मात्र ताण्याचे म्हणजे उभे धागे वरखाली होऊन वाट कशी उघडते, त्यातून धोटा कसा जातो आणि फणी बाणा म्हणजे आडवा धागा कसा ठोकून बसवते, हे हातानं दाखवावं लागायचं. चुकलं की ते हसायचे.

एक गणित सांगतो. पिक म्हणजे बाण्याचा एक धागा. माग मिनिटाला 120 पिक मारतो, कापडात इंचाला 40 पिक, कार्यक्षमता 80 टक्के, तर तासाला किती मीटर कापड? पहिल्या वर्षी हे मी स्क्रीनवर सरांना सोडवताना पाहिलं होतं, मान डोलावली होती आणि परीक्षेत चुकवलं होतं. 120 गुणिले 60 गुणिले 0.8 म्हणजे 5760, भागिले 40 म्हणजे 144. इथं मी थांबलो होतो, ते इंच आहेत हे विसरून. मीटरमध्ये येतात 3.66. वडिलांना विचारलं तर पेन न उचलता म्हणाले, “साडेतीनच्या वर, पावणेचारच्या आत.” उत्तर शक्य कोटीतलं आहे का, ही सवय मला तिथं लागली. तेव्हापासून व्हिडिओत गणित आलं की मी तिथंच थांबवतो आणि वहीत आधी स्वतः सोडवतो. अर्ध्या तासाच्या व्हिडिओला तास जातो. जाऊ द्या.

एकदा उलटं झालं. वडिलांनी विचारलं, एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात सूत जास्त का तुटतं? मागाजवळ पाणी शिंपडायचं हे त्यांना माहीत होतं, पण त्यामागचं कारण कधी कुणी सांगितलं नव्हतं. कापसाच्या धाग्यात ओलावा असला की त्याची ताकद वाढते, कोरडा झाला की घटते, हे मी सांगू शकलो. त्या रविवारी चहा दोनदा झाला.

तुमच्या घरी माग नसेल. विषय अकाउंटिंगचा असेल, मानसशास्त्राचा असेल. आजी चालेल, धाकटा भाऊ चालेल, रूमवरचा मित्र चालेल. त्याला विषय समजलाच पाहिजे असं नाही. फक्त रविवारी सात वाजता तो बसलेला असला पाहिजे.

आता किरकोळ पण महागात पडणाऱ्या गोष्टी. कोर्सला नाव नोंदवणं आणि परीक्षेचा फॉर्म भरणं ही दोन वेगळी कामं आहेत. माझा एक मित्र 12 आठवडे इमानदारीत शिकला आणि फॉर्मची तारीख चुकवून बसला. फॉर्ममध्ये नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच लिहा. परीक्षा केंद्रात बसून संगणकावर होते, आणि केंद्र निवडताना उशीर केलात तर जवळचं मिळेलच असं नाही. मला पहिल्या वेळी पुणे मिळालं. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून दुपारच्या सत्राला पोचलो, पण डोकं गाडीतच राहिलं होतं.

डेटा रोजचा मोजून मिळणारा असेल तर व्हिडिओ कॉलेजच्या वायफायवर उतरवून घ्या. व्याख्यानांचा लिखित मजकूरही मिळतो. प्राध्यापकांचा उच्चार कळला नाही की तो समोर ठेवून ऐकायचं. आमच्या गल्लीत मागांचा आवाज रात्रीही असतो, मला तर तो मजकूर नसता तर काही खरं नव्हतं.

क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे श्रेयांक, हवे असतील तर आधी कॉलेजात विचारा, नंतर नाही. साधारण 12 आठवड्यांच्या कोर्सला 3 क्रेडिट, 8 आठवड्यांच्या कोर्सला 2. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2021च्या नियमांनी एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयममधून घ्यायची मुभा विद्यापीठांना दिली आहे. पण तुमच्या अभ्यासक्रमात कुठला कोर्स कशाच्या बदल्यात धरतात, हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. तोंडी ‘चालतंय की’वर विसंबू नका.

आणि कुणी अख्खी पदवी ऑनलाइन घ्यायला निघाला असेल, तर ते प्रकरण निराळं. त्या विद्यापीठाला त्या वर्षी, त्या अभ्यासक्रमाची ऑनलाइन मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर स्वतः बघा. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांच्या पदव्या ऑनलाइन घेता येत नाहीत. “आम्ही करून देतो” म्हणणाऱ्या दुकानाची पायरी चढू नका.

दुसऱ्या वेळी मला 71 मिळाले, सर्टिफिकेटवर ‘इलाइट’ असा शिक्का आला. ते आईनं देवघराशेजारी लावलंय, वडिलांच्या मते तिथं उदबत्तीनं काळं पडणार.

सध्या शेजारची एक मुलगी बी.कॉम. करता करता असाच कोर्स करतेय. तिच्या घरी ऐकायला कुणाला सवड नाही, म्हणून तीही रविवारी सातला आमच्याकडं येते आणि वडिलांना जमाखर्चाच्या नोंदी समजावते. गेल्या रविवारी सव्वासात झाले तरी आली नाही. वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मला म्हणाले, “पोरगी कुठंय? जा, बघून ये.”