परसात कोंबड्या पाळायच्यात? आधी खुराडं, मग तलंगा

कोल्हापुरात पहिल्यांदाच कोंबड्या पाळणार असाल तर सुरुवात पावसाळ्यात नको, दिवाळीनंतर करा. इथल्या जुलैच्या झडीत खुराड्यात अंथरलेलं भाताचं तूस ओलं होतं, वास सुटतो आणि रक्ती हगवणीला आयतं निमंत्रण मिळतं.

एक दिवसाच्या पिल्लांच्या मोहात पडू नका. त्यांना पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश ऊब लागते, म्हणजे बल्ब आला आणि रात्रीची जाग आली. त्यापेक्षा अडीच-तीन महिन्यांच्या, मानमोडी (राणीखेत) या रोगाची लस झालेल्या चार-पाच तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घ्या. वनराजा, गिरिराजा या सुधारित जाती किंवा गावठी, काहीही चालेल. गावठी अंडी कमी देते, पण अंगाने काटक. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. (शेजाऱ्यांची पहाटेची झोपही शाबूत राहते.)

खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवा, तोंड पावसाच्या माऱ्याकडे नको. जाळी बारीक आणि जाड तारेची घ्या, कारण मुंगूस लहानशा फटीतूनही वाट काढतं. खाली चार बोटं भाताचं तूस पसरा आणि ओलं झालेलं लगेच काढा. अंडी सुरू व्हायला तलंग पाच-सहा महिन्यांची व्हावी लागते. तेव्हापासून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, नाहीतर कवच पातळ येतं.