पाणवठ्याजवळ खाजगी बोअर: ५०० मीटरचा नियम कसा वापरायचा

सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाजवळ (म्हणजे गावाला पाणी पुरवणाऱ्या विहिरी-बोअरजवळ), ५०० मीटरच्या आत, परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही. महाराष्ट्रात हा नियम १९९३ च्या कायद्याने आला. पुढे २००९ चा भूजल अधिनियम १ जून २०१४ पासून लागू झाला. कायद्याच्या लेखी बोअर, ट्यूबवेल, आड या सगळ्या विहिरीच, त्यामुळे ‘विहीर नाही, बोअर आहे’ ही सबब टिकत नाही.

तक्रार बहुतेकदा पुराव्याअभावी पडते, म्हणून तयारी रिग, म्हणजे बोअर खोदणारी गाडी, गावात शिरण्याआधीच हवी. नळयोजनेची विहीर ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदीत गट क्रमांकासह आहे का, ते आधी बघा. नोंद नसेल तर ‘हा सार्वजनिक उद्भव आहे’ हेच सिद्ध करत बसावं लागतं.

मग पातळीची वही सुरू करा. भांडणात हीच सगळ्यात जास्त कामाला येते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. तुम्हीही त्याच महिन्यांत मोजा. रात्रभर पंप बंद ठेवा आणि पहाटे, उपसा सुरू होण्याआधी, वजन बांधलेली टेप काठावरच्या एकाच खुणेपासून सोडा. आलेल्या आकड्यातून काठाची उंची वजा केली की जमिनीपासूनची खोली मिळते. पंप बंद केल्या केल्या घेतलेलं माप खोटं ठरतं, कारण विहीर अजून भरत असते.

अंतर सरळ रेषेत धरा, रस्त्याने नाही. ते ४८० ते ५२० मीटरच्या दरम्यान येत असेल तर मोबाइलवर विसंबू नका, रीतसर मोजणी मागा. दोन्ही ठिकाणं एकाच पाणलोटात आहेत का, हा मुद्दा समोरचा हमखास काढतो. त्याचं उत्तर भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या नकाशावर मिळतं.

रिग दिसताच गाडीचा क्रमांक टिपा, तारीख-वेळ उमटेल असे फोटो काढा, ग्रामसेवक आणि पंचांसमक्ष पंचनामा करा. अर्ज त्याच दिवशी तहसील कार्यालयात द्या आणि पोच घ्या. अर्जात भूजल यंत्रणेकडून तांत्रिक तपासणी स्पष्ट शब्दांत मागा. या तपासणीत खाजगी बोअर चालू ठेवून गावच्या विहिरीची पातळी ठरावीक वेळाने मोजता येते. आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या खडकात, पाणी झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. बोअर आणि विहीर एकाच भेगेवर असतील तर पातळी डोळ्यांदेखत उतरते. नसतील तर दोनशे मीटरवरचा बोअरही काही करत नाही. दुसरी शक्यता गावाने प्रामाणिकपणे मान्य करावी, उगाच शेतकऱ्याचं पाणी तोडू नये.

जुन्या विहिरींना ५०० मीटरचा नियम लावता येत नाही. त्यांच्यासाठी उन्हाळ्यातला मार्ग वेगळा आहे: जिल्हाधिकाऱ्यांनी टंचाई जाहीर केल्यावर उद्भवापासून एक किलोमीटरच्या आतल्या विहिरींच्या उपशावर निर्बंध आणता येतात. तो प्रस्ताव मार्चच्या मापांसह पाठवा. मे उजाडेपर्यंत थांबलात तर आदेश येईतो विहीर कोरडी पडलेली असते.