राईतले पक्षी ऐकायला जाण्याआधी

तयारी आदल्या संध्याकाळीच सुरू करा. उजेड असताना राईभोवती एक चक्कर मारून बसायची जागा हेरून ठेवा. शेत आणि झाडी जिथे भेटतात ती कड सगळ्यात चांगली, कारण तिथे मोकळ्यावरचे आणि गर्द झाडीतले असे दोन्ही पक्षी कानावर पडतात. पंप आणि रस्ता जितके लांब तितकं बरं. राई ज्यांची आहे त्यांना सांगून ठेवा. पहाटे अंधारात अनोळखी माणूस हिंडताना दिसला की कुणीही दचकेल.

रात्री फक्त चार आवाज कानात बसवा: दयाळ, शिंपी, सुभग, हळद्या. वीस ऐकलेत तर सकाळी सगळ्यांची सरमिसळ होते. झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावर ही रेकॉर्डिंग मोफत ऐकता येतात. कोकीळ, पावशा आणि तांबट शास्त्राच्या हिशेबात गाणारे पक्षी नाहीत, पण त्यांच्याशिवाय उन्हाळा कसला? वहीत त्यांनाही जागा ठेवा. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप वापरणार असाल तर आपल्या भागातल्या पक्ष्यांचा संच घरीच उतरवून घ्या. ॲपने सांगितलेलं नाव हा अंदाज समजा. स्वतःच्या कानांना पटल्याशिवाय लिहू नका.

कपडे सुती, मळखाऊ रंगाचे. सळसळणारं जॅकेट घरीच राहू द्या, बाही घासली की बारीक शीळ हमखास निसटते. बंद बूट, टॉर्च, पाणी, वही, पेन्सिल. झालं.

सूर्योदयाच्या पाऊण तास आधी जागेवर हवं. तेव्हा वारा पडलेला असतो, माणसांची जागही नसते, म्हणून आवाज लांबवर स्वच्छ पोचतो. दयाळ अंधारातच सुरू होतो. उंच वाळक्या फांदीच्या टोकावर तो काळापांढरा जीव, गळा थरथरतोय. एक ओळ गातो, थांबतो, शेपटी उचलतो आणि पुढची ओळ निराळीच घेतो. तो ऐकण्यासाठी तरी लवकर उठाच.

पहिली दहा मिनिटं काही लिहू नका. मग डोळे मिटून तळवे कानांमागे धरा आणि मान हळूहळू फिरवा. आवाजाची दिशा कळते. शब्द सुचले नाहीत तर वहीत सुराचं चित्र काढा: शिंप्याला टिंबांची रांग, सुभगला लांब सरळ रेघ शेवटी खाली पडलेली. बाजूला वेळ आणि दिशा लिहा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. पक्ष्याला बोलवायला मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. उन्हाळा हा विणीचा काळ आहे. नराला वाटतं प्रतिस्पर्धी आला, आणि पिल्लांसाठी लागणारी ताकद तो त्याला हुसकावण्यात घालवतो. घरटं दिसलं तर तिथून लगेच मागे फिरा.

ऊन चढलं की गाणी ओसरतात, तेव्हा निघायला हरकत नाही. पण पावसाआधीचे दिवस असतील तर मावळतीला पुन्हा त्याच जागी या. नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ तेव्हाही ऐकू येते.