वायसर आजच बदला

नळ ठिबकायला लागला की आपण फडकं गुंडाळतो आणि 'रविवारी बघू' म्हणतो. सेकंदाला एकच थेंब धरला तरी दिवसाचे 86,400 थेंब होतात, म्हणजे साधारण वीस लिटर पाणी. खडकवासल्याचं पाणी असं मोरीत जाताना बघवत नाही हो!

जुन्या पद्धतीचा नळ असेल तर काम दहा-पंधरा मिनिटांचं. मेन कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, पान्याने वरचा भाग सोडवा. आतला झिजलेला वायसर खिशात टाकूनच दुकानात जा. मापाचा घोळ होत नाही. पेठेतल्या कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे तो काही रुपयांत मिळतो. जाताच आहात तर दोन जास्तीचे घ्या.

  

आणि वायसर बदलूनही नळ गळत असेल, तर वायसर टेकतो ती आतली बैठक बहुधा खराब झालेली असते. नळ जोरात पिळू नका, प्लंबरला त्याच दिवशी फोन करा.