जुनं मिरचीचं झाड आधी काढा, मगच नवीन बी टाका

उन्हाळी भाजीसाठी बी टाकायचे दिवस आहेत. संक्रांत झाली, दुपारचं ऊन चटकायला लागलं, पहाटे मात्र अजून गारठा असतो. परसात, गच्चीत, खिडकीच्या ग्रिलमध्ये मिरची, वांगी, टोमॅटोचे ट्रे मांडायला सुरुवात झाली असेल. बियाण्याची पुडी फोडण्याआधी एक काम करा. गेल्या पावसाळ्यातलं मिरचीचं किंवा टोमॅटोचं झाड अजून उभं आहे का, बघा. पानं आखडलेली, वर वळलेली, शेंडा गुच्छासारखा झालेला, तरी आठवड्याला चार मिरच्या देतंय म्हणून ठेवलेलं. ते झाड आजच काढा.

शेतात काय आणि गच्चीत काय, उन्हाळी मिरची-टोमॅटो याच एका दुर्लक्षामुळे जाताना बघत आलोय. जुना टोमॅटोचा प्लॉट तारेवर तसाच वाळत ठेवायचा आणि त्याच्याच बांधाला नवीन रोपांचा वाफा करायचा. गच्चीत तर दोन कुंड्यांमध्ये वीतभर अंतर नसतं. मग एप्रिलमध्ये झाड बोकडलं की ‘बियाणं बोगस निघालं’ म्हणून दुकानदाराशी भांडण. बियाणं कधी कधी खराब असतंही. पण बोकड्या, ज्याला मिरचीत चुरडा-मुरडा आणि टोमॅटोत पर्णगुच्छ म्हणतात, तो बहुतेक वेळा आपणच सांभाळून ठेवलेल्या झाडावरून येतो.

आणतं कोण, तर पांढरी माशी. जेमतेम एक मिलिमीटरची, पानाच्या खालच्या बाजूला बसणारी. रोगट झाडाचा रस शोषला की विषाणू तिच्या अंगात जातो आणि मग ती जगेपर्यंत जिथे बसेल तिथे तो सोडत राहते. मुख्य गोम पुढे आहे. दोन पानांवरच्या रोपाला आज लागण झाली, तरी लक्षण दिसायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे ट्रेमधलं रोप हिरवंगार दिसतं, तुम्ही कौतुकाने ते कुंडीत लावता, आणि कुंडीत गेल्यावर ते आखडायला लागतं. तोवर माती बदलून होते, खत बदलून होतं, दोन टॉनिकं मारून होतात. लागण झाली होती ती रोप बोटाएवढं असताना. मोठ्या झाडाला उशिरा लागण झाली तर थोडंफार फळ तरी हाती लागतं. रोपातच झाली तर झाड फक्त पाणी पितं.

2020च्या उन्हाळ्यात अकोले, संगमनेर, जुन्नर भागात टोमॅटोवर पिवळे-लाल-हिरवे पट्टे पडले आणि लोकांनी त्याला ‘तिरंगा’ नाव दिलं, ते आठवत असेल. पहिला आरोप बियाण्यावरच झाला होता. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत नमुने तपासले, तेव्हा त्यांत कुकुंबर मोझॅक विषाणू सापडला. हा विषाणू मावा पसरवतो. रोग वेगळा, किडा वेगळा, पण वाट तीच: रस शोषणारा किडा आणि उघडं कोवळं झाड.

झाड काढायचीही रीत आहे. दुपारी जाऊन उपटलंत तर हलवल्याबरोबर सगळ्या माश्या उडतात आणि थेट नव्या ट्रेवर जाऊन बसतात. सकाळी गारव्यात जा, माशी तेव्हा सुस्त असते. झाडावर आधी मोठी प्लास्टिकची पिशवी घाला, बुंध्याशी आवळा, मग मुळासकट उपटा. पिशवी बांधून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, त्यानंतरच कंपोस्टला टाका. कुंडीची माती चालेल, ती फेकू नका. कुंपणाशी पेठारी, रानभेंडी, कामोनी असलं तण असेल तर तेही काढा, माशी तिथेही वस्तीला असते. झाडं काढल्यावर बी टाकायला आठ-दहा दिवस थांबा. हे दिवस कुठल्या पुस्तकातले नाहीत, माझा अंदाज आहे. बसायला झाड उरलं नाही की तेवढ्यात माशी पांगते, असं दिसतं.

आता जाळी. विद्यापीठांच्या रोपवाटिकेच्या शिफारशीत 40 ते 50 मेशची नायलॉन जाळी असते, म्हणजे एका इंचात 40 ते 50 भोकं. घरच्या मच्छरदाणीतून पांढरी माशी आरामात आत जाते, तिच्यावर विसंबू नका. नवीन जाळी आणायची नसेल तर जुनी बारीक विणीची नायलॉनची ओढणी चालते. बांबूच्या कांब्या किंवा जाड तार कमानीसारखी वाकवा, वर कापड टाका, कडा चारही बाजूंनी मातीत दाबा किंवा विटांनी दाबून ठेवा. एक कड उघडी राहिली तर जाळी टाकून न टाकून सारखंच.

जाळी बी टाकायच्या दिवशीच टाका. लोक रोपं वर आल्यावर टाकतात, काही जण पहिलं पान मुडपलेलं दिसल्यावर टाकतात. तोवर उशीर झालेला असतो, वर आत शिरलेली माशी कोंडली जाते ती वेगळीच. पाणी झारीने जाळीवरूनच द्या, रोज उघडझाप नको. फेब्रुवारीच्या शेवटी गच्चीतल्या जाळीखाली फार तापतं. तेव्हा ट्रे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली येईल असा सरकवा, किंवा वर निम्म्या सावलीचं हिरवं शेडनेट ताणा. शेडनेटची भोकं मोठी असतात, ते ऊन अडवतं, माशी नाही. विदर्भ, मराठवाड्यात हे लवकर करावं लागेल. नाशिक, जुन्नरकडे रात्री अजून थंड असतात, तिथे मिरचीचं बी उगवायलाच वेळ लागतो, म्हणून घाबरून पुन्हा पुन्हा पाणी ओतू नका.

बी टाकतानाची नेहमीची कामं:

– ट्रेला: कोकोपीट चांगलं भिजवून पिळून, त्यात तिसरा हिस्सा चाळलेलं गांडूळ खत.
– वाफ्याला: 1 मीटर रुंद, 15 सेंटिमीटर उंच गादीवाफा, दोन ओळींत 10 सेंटिमीटर.
– खोली: मिरची, टोमॅटो, वांगी अर्धा ते 1 सेंटिमीटर.
– घरचं बी असेल तर त्याला थायरम (बुरशीनाशक) किलोला 3 ग्रॅम किंवा ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) किलोला 5 ग्रॅम चोळा. पुडीभर बियाला नखाएवढंही पुरे. रंगीत बी आधीच औषध लावलेलं असतं. हात धुवा.
– उगवण: टोमॅटो 5 ते 7 दिवस, वांगी 6 ते 8, मिरची 8 ते 10, थंडीत जास्त.
– पाणी सकाळी. संध्याकाळी नाही.
– रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडली तर पाणी कमी करा, कॉपर ऑक्सिक्लोराईड 50 टक्के (बुरशीनाशक) लिटरला 2.5 ते 3 ग्रॅम, मुळाशी ओता.
– खरी पानं आल्यावर पिवळेपणा दिसला तर 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला 1 ग्रॅम, आठवड्याने एकदा.

वाण हवा असेल तर कृषी विद्यापीठांचे बघा: मिरचीत फुले ज्योती, अग्निरेखा, कोकणात कोकण कीर्ती, टोमॅटोत धनश्री, भाग्यश्री, वांग्यात मांजरी गोटा. सरळ वाणाचं बी पुढच्या वर्षाला घरी धरता येतं. दर हंगामाला संकरित पुडीवर पैसे घालायची गरज चार कुंड्यांना नाही.

जाळी आहे म्हणून बघणं सोडू नका. दोन दिवसांआड सकाळी पाच-सहा रोपांची पानं उलटून पाहा. माशी दिसेलच. फुलकिडे, म्हणजे पानाचा रस शोषणारे अगदी बारीक किडे, डोळ्यांना सहज दिसत नाहीत, म्हणून रोपाखाली पांढरा कागद धरून हलकी टिचकी मारा. कागदावर पिवळट-काळपट बारीक रेघा चालायला लागल्या तर ते फुलकिडे. 50 मेशमधूनही थोडे आत येतात. ट्रेच्या उंचीवर माशीसाठी एक पिवळं आणि फुलकिड्यांसाठी एक निळं चिकट कार्ड लावा. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासलं तरी काम होतं.

मिरचीची पानं वळायला लागली की औषध आणायला धावू नका, कुठे वळतात ते आधी बघा. कडा वर वळून पान होडीसारखं होत असेल तर फुलकिडे किंवा विषाणू. कडा खाली वळून पान लांबट, अरुंद होत असेल तर पिवळा कोळी, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारी, कोळ्याच्या जातीची कीड. कोळ्यावर नेहमीच्या कीटकनाशकाचा सहसा उपयोग होत नाही. त्याला पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 2 ते 3 ग्रॅम, तेही ऊन कलल्यावर. कडक उन्हात गंधक कोवळी पानं जाळतं. माशी आणि फुलकिडे दिसले तर 5 टक्के निंबोळी अर्क: 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्री थोड्या पाण्यात भिजत घाला, सकाळी फडक्याने गाळून 1 लिटर करा, त्यात 2 ग्रॅम साबण विरघळवा. त्याच दिवशी वापरा, पानाच्या खालून फवारा. निंबोळी नसेल तर 1500 पीपीएमचं अझाडिरॅक्टिन (कडुनिंबाचं तयार औषध) लिटरला 3 मिली. कोकणासारख्या दमट हवेत लेकॅनिसिलियम, म्हणजे किडीवर वाढून तिला मारणारी बुरशी, लिटरला 5 ग्रॅम चांगली चालते. कोरड्या हवेत ती बुरशी जगत नाही, तिथे पैसे घालू नका.

एखादं रोप आखडलंच, तर ते काढा. वाचवायचा प्रयत्न करू नका. दुकानात ‘व्हायरसवर खात्रीचं’ म्हणून चकचकीत बाटली पुढे करतील, बरोबर एक टॉनिक आणि औषध पानाला चिकटवणारं एक स्टिकरही देतील. झाडात शिरलेला विषाणू मारणारं औषध नाही. ती बाटली मारल्यावर चार दिवस पानाला तुकतुकी येते, ती बहुधा त्यातल्या सूक्ष्म अन्नद्रव्यांची, आणि तेवढ्या चार दिवसांत त्याच रोपावरून शेजारच्या दहा रोपांना लागण होते. सायपरमेथ्रिनसारखी स्वस्त औषधं तर मुळीच नकोत. ती माशीचे आणि कोळ्याचे शत्रू मारतात, मग पंधरवड्याने दोन्ही दुप्पट होतात. जुन्या पुस्तिकांत रोपवाटिकेच्या वाफ्यात फोरेट हे जहाल कीटकनाशक टाकायला सांगितलेलं सापडेल. फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. कोणाकडे जुना डबा पडला असेल तर तो खाण्याच्या झाडांजवळ आणू नका. मोठ्या प्लॉटवाल्याला आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, औषध वापरावंच लागलं, तर लेबलवर आपल्या पिकाचं नाव आहे का ते वाचा आणि मात्रा लेबलवरचीच घ्या, दुकानदाराच्या तोंडची नको.

भेंडी ट्रेमध्ये करत नाहीत, थेट टोकतात, म्हणून तिला जाळी कोणी घालत नाही. पण केवडा, म्हणजे शिरा पिवळ्या होणारा रोग, हीच माशी आणते आणि उन्हाळ्यात तो जास्त असतो. परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका हे वाण बरेच तग धरतात. पहिले तीन आठवडे भेंडीवरही ओढणी टाका. काकडी, दुधी, दोडका, कारलं यांना दोन दलं असतानाच लाल भुंगा चाळणी करून टाकतो. सकाळी दव असताना चुलीची गार राख भुरभुरा. हा घरगुती उपाय आहे, कागदावर त्याची मात्रा नाही, पण भुंगा राखेच्या पानावर कमी बसतो हे खरं. वेलांना फुलं आली की जाळी काढायलाच हवी, नाहीतर मधमाशी येणार नाही आणि फळ धरणार नाही.

बाकी बागेतही आता पालवी फुटतेय. पान उलटायची सवय तिकडेही न्या:

– जास्वंद: शेंड्यात पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. शेंडा कापा, साबणाचं पाणी.
– लिंबू: कोवळ्या पानावर नागमोडी चंदेरी रेघा, म्हणजे नागअळी. ती पानं तोडा.
– कढीपत्ता: शेंड्यात सिला (रस शोषणारी बारीक कीड) दिसली तर निंबोळी अर्क.
– गुलाब: कळीखाली मावा, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा.
– आंब्याचा मोहर: तुडतुडे बघा, मोहरावर उगाच पाणी मारू नका.

पांगारा लाल झाला की फुलकिडे वाढतात, असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात आणि मलाही ते पटतं. महाशिवरात्रीच्या मागेपुढे थंडी जाते, कोरडं वारं सुटतं, त्यानंतरचा पंधरवडा सगळ्यात वाईट. तुमची रोपं नेमकी त्याच दिवसांत लावणीला येणार आहेत. त्या पंधरवड्यात जाळी एक दिवसही उघडी ठेवू नका.

लावणीच्या वेळी टोमॅटोचं रोप 21 ते 25 दिवसांचं, वांग्याचं 30 ते 35, मिरचीचं 35 ते 45 दिवसांचं असावं. आधीचे चार-पाच दिवस पाणी कमी करून रोप कणखर करा. लावणी संध्याकाळी करा. ट्रेमधली सगळी रोपं लावायचा मोह टाळा. शेंड्याचं पान जराही मुडपलेलं, फिकट शिरांचं किंवा इतरांपेक्षा खुजं असेल तर ते रोप बाजूला काढा, शेजाऱ्यालाही देऊ नका. राहिलेल्यांवर, जमेल तर, कुंडीतही आणखी दोन आठवडे तीच ओढणी राहू द्या.