एका सीपीयूवर दोन डेस्कटॉप: दुसरा स्क्रीन काळा का राहिला

लिनक्सवर दोघांना एकाच मशीनवर वेगवेगळं बसायचं असेल तर प्रत्येक सीटला (म्हणजे एकाच्या स्क्रीन-कीबोर्ड-माउसच्या संचाला) स्वतंत्र ग्राफिक्स हवं. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरचं सेकंडहँड साधं कार्डही पुरतं. फक्त कार्ड बसवलं की बरेच बोर्ड ऑनबोर्ड ग्राफिक्स बंद करतात. ते आधी बायॉसमधून (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधून) चालू करा.

मी 'लॉगिनसीटीएल अटॅच' या कमांडने फक्त कीबोर्ड-माउस 'सीट१' ला, म्हणजे दुसऱ्या सीटला, जोडले. स्क्रीन काळाच! सीट उभी राहते ती ग्राफिक्स कार्डावर, कीबोर्डावर नव्हे. 'लॉगिनसीटीएल सीट-स्टेटस सीट०' दिलं की पहिल्या सीटच्या उपकरणांची झाडासारखी यादी येते. त्यात दुसऱ्या कार्डाच्या ओळीत 'मास्टर' लिहिलेलं असतं. तिथला '/सिस' पासूनचा पूर्ण पत्ता त्याच अटॅच कमांडने सीट१ला जोडला आणि लाइटडीएम (लॉगिन स्क्रीन दाखवणारा प्रोग्रॅम) रीस्टार्ट केलं. लॉगिन लगेच आलं.

कीबोर्ड, माउस सुटे जोडत बसू नका. एक यूएसबी हबच जोडा, त्यात खोचाल ते त्या सीटचं. मात्र नियम पोर्टला बांधलेला असतो, झाडूपोछा करताना हब दुसऱ्या पोर्टात गेला की सगळं पहिल्या सीटवर.

मजकुरी कन्सोल उघडणारं कंट्रोल-ऑल्ट-एफ३ सीट१वर चालत नाही, तो बिघाड नाही. फारच गोंधळ झाला तर 'लॉगिनसीटीएल फ्लश-डिव्हायसेस' द्या, अटॅचने केलेल्या सगळ्या जोडण्या पुसल्या जातात.