विषारी वायूच्या चाचण्यांचा माग काढायचाय? आधी कागद, मग माती

मी सोलापुरात रसायनशास्त्र शिकवायचो. अजूनही प्रकल्पासाठी पोरं येतात, आणि हा विषय निघाला की म्हणतात, ‘सर, मातीचं सॅम्पल कुठून घेऊ?’ माती नंतर. कागद आधी.

रावळपिंडीचंच घ्या. ब्रिटनच्या पोर्टन डाउन या रासायनिक अस्त्रांच्या संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिथे हिंदी सैनिकांवर मस्टर्ड वायूच्या, म्हणजे अंगावर फोड आणणाऱ्या विषारी रसायनाच्या, चाचण्या केल्या. अर्धी चड्डी, सुती शर्ट, अशा वेशात जवान गॅस चेंबरमध्ये. हे २००७ मध्ये वर्तमानपत्रात आलं ते लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमधल्या फायलींमुळे.

क्यूची सूची घरबसल्या फुकट चाळता येते. पोर्टनचा पत्रव्यवहार डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे ब्रिटिश युद्ध खातं) १८८ या फाइलमालेत, अहवाल डब्ल्यूओ १८९ मध्ये. ‘पॉयझन गॅस’ टाकून बसू नका. ‘केमिकल डिफेन्स’ टाका, मस्टर्डसाठी ‘एचएस’ हे त्याचं सांकेतिक नाव टाका. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळही उघडा. फाइल क्रमांक, तारीख, पान तिथल्या तिथे वहीत उतरवा.

गावाकडे कुणाचे आजोबा रावळपिंडीला होते, एवढ्यावरून त्यांच्यावर चाचणी झाली असं लिहू नका. पलटण आणि वर्षं कागदाशी जुळली पाहिजेत.

आता माती. मस्टर्ड पाण्यात विघटलं की थायोडायग्लायकॉल होतं. प्रयोगशाळा तेच शोधते. पण हेच द्रव्य कापड छपाईच्या रंगात आणि बॉलपेनच्या शाईतही द्रावक म्हणून वापरतात! अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एखाद्या डाईंगवाल्याच्या नाल्याशेजारी ते सापडलं, तर त्याचा युद्धाशी काय संबंध? म्हणून सोबत १,४-डायथायेन आणि १,४-ऑक्झाथायेन ही मस्टर्डच्या विघटनातली दुसरी द्रव्यंही तपासायला सांगा. उलट, मातीतले जंतू थायोडायग्लायकॉल खाऊन टाकतात. ते नाही सापडलं म्हणून जागा स्वच्छ ठरत नाही.

मस्टर्ड नावाला वायू, पण असतं तेलासारखं; थंड पाण्यात पडलं की वरून साय धरते, आत ते तसंच राहतं. इटलीतल्या बारी बंदरात २ डिसेंबर १९४३ ला ‘जॉन हार्वे’ जहाज मस्टर्ड बॉम्बसकट बुडालं. त्या भागातल्या कोळ्यांच्या जाळ्यात पुढे कित्येक वर्षं बॉम्ब येत राहिले, अंगं भाजत राहिली.

तेव्हा फिरताना जुना गंजका ड्रम किंवा तोफगोळा दिसलाच, तर हात लावू नका, वास घेऊ नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. मस्टर्डचे फोड लगेच उठत नाहीत, काही तासांनी उठतात. ‘काही झालं नाही’ म्हणत माणूस तेच कपडे घालून घरी जातो. लांबूनच ११२ लावा.